०.७५ की ०.४३? उतारावरच्या ठोकळ्याच्या एका गृहपाठाचं प्रकरण

४ किलोग्रॅमचा ठोकळा ३०° च्या उतारावर ठेवला आहे. त्याला बांधलेली हलकी, न ताणली जाणारी दोरी उताराच्या माथ्यावरच्या कप्पीवरून जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ३ किलोग्रॅमचा ठोकळा मोकळा लटकतो. कप्पीला वस्तुमान नाही, घर्षणही नाही. उतार आणि ठोकळा यांच्यातला स्थितिक (ठोकळा जागेवर असतानाचा) घर्षणगुणांक ०.२५ आणि गतिज (सरकत असतानाचा) घर्षणगुणांक ०.२० आहे. गुरुत्व त्वरण ९.८ मी./से.² घ्यायचं. (अ) ठोकळे धरून ठेवले आणि सोडले, तर त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? (आ) लटकणारा ठोकळा २.५ किलोग्रॅमचा केला तर काय होईल?

यांत्रिकीच्या पहिल्या काही आठवड्यांत हा प्रश्न या ना त्या रूपात प्रत्येकाच्या वहीत येतो. विद्यार्थिनी तो घेऊन आली तेव्हा (अ) चं उत्तर तिने काढलेलं होतं: त्वरण ०.७५ मी./से.². पुस्तकाच्या मागे उत्तर होतं ०.४३. "मॅडम, कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं, तेच येतंय. पुस्तकातलं चुकलंय का?"

तिच्या वहीतलं काम नीटनेटकं होतं. उताराच्या दिशेने वजनाचा घटक ४ × ९.८ × ०.५ = १९.६ न्यूटन. अभिलंब बल, म्हणजे उतार ठोकळ्याला काटकोनात लावतो ते, ४ × ९.८ × ०.८६६ = ३३.९५ न्यूटन. गतिज घर्षण ०.२० × ३३.९५ = ६.७९ न्यूटन. ताण ३ × ९.८ = २९.४ न्यूटन. मग (२९.४ − १९.६ − ६.७९) ÷ ४ = ०.७५. आकृती एकच होती, उतार आणि दोन्ही ठोकळे असलेली, पुस्तकातून उतरवून घेतलेली. बलांचे बाण मात्र फक्त उतारावरच्या ठोकळ्यावर. लटकणाऱ्या ठोकळ्याशेजारी नुसतं "३ किग्रॅ" लिहिलेलं.

आधी चुकीचा आकडा वाचायचा

इथे मदत करणाऱ्याचा हात लगेच पेन्सिलीकडे जातो: "अगं, ताण असा नसतो, दोन समीकरणं मांड." तसं केलं तर पाच मिनिटांत ०.४३ येतं आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या कपड्यांत परत येते. शिक्षिकेने आधी ०.७५ ला ०.४३ ने भागलं. साधारण १.७५ आलं, म्हणजे ७ ÷ ४. अंश बरोबर आहे आणि छेदात ७ च्या, म्हणजे दोन्ही ठोकळ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या, जागी ४ आहे, एवढं त्या भागाकारातून कळलं. वही न उघडताही निदान झालं असतं.

या प्रश्नापुरती ही सवय लावून घेणं फार उपयोगी आहे, कारण इथली प्रत्येक नेहमीची चूक आपला वेगळा आकडा मागे ठेवते. घर्षण विसरलं तर १.४ येतं. घर्षणाची दिशा उलटी घेतली तर २.३७. अभिलंब बल म्हणून सरळ ४ × ९.८ धरलं, कोसाइन विसरलं, तर ०.२८. साइन आणि कोसाइनची अदलाबदल झाली तर उणे १.२१. आणि ९.५६ आलं तर भौतिकशास्त्रात काहीच बिघडलेलं नाही, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, कोनाच्या दुसऱ्या एककावर, आहे. ३० रेडियनचा साइन उणे ०.९९ च्या आसपास असतो, त्यामुळे उतार जणू ठोकळ्याला वरच ओढायला लागतो. ०.४० किंवा ०.३९ आलं तर अधल्यामधल्या पायरीवर आकडे फार लवकर ठोकळ केले गेलेत. इथे २९.४ − १९.६ = ९.८ न्यूटनमधून ६.७९ वजा होतात आणि हातात जेमतेम ३ उरतात, ६.७९ चे ७ केले की उरलेल्यातला चौदावा हिस्सा गेला. ९.८ ऐवजी १० घेतलं तर ०.४४ येतं, ती चूक नव्हेच.

०.७५ चा अर्थ वेगळा आहे. हिशेबात काही निसटलेलं नाही, चित्रातच खोट आहे. विद्यार्थिनीच्या मनात दोरी म्हणजे लटकत्या ठोकळ्याचं वजन जसंच्या तसं पलीकडे पोचवणारी नळी आहे. म्हणून तिसऱ्यांदा केलं काय आणि तेराव्यांदा केलं काय, कॅल्क्युलेटर तेच सांगणार.

"हे बल कोण लावतंय?"

पहिला प्रश्न मुद्दाम तिच्या बाजूने होता: "२९.४ कुठून आणलेस?"

"दोरीला तीन किलो लटकलंय ना. मग ताण तेवढाच असणार."

हे वाक्य खोडायची घाई नको. स्थिर लटकलेल्या वस्तूबद्दल ते पूर्ण खरं आहे, आणि आतापर्यंत तिने पाहिलेली बहुतेक उदाहरणं स्थिर वस्तूंचीच आहेत. वाक्य कुठपर्यंत खरं आहे ती हद्द तिला स्वतःला सापडायला हवी. म्हणून शिक्षिकेने एक कोरा कागद दिला आणि फक्त लटकणारा ठोकळा काढायला सांगितला. उतार नाही, कप्पी नाही, नुसता एक चौकोन. प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावतंय ते लिहायचं.

तिने खाली बाण काढला: "पृथ्वी, २९.४." वर बाण काढला: "दोरी, २९.४." दोन्ही बाण मोजून सारख्या लांबीचे.

"आता या ठोकळ्यावर एकूण बल किती?"

"शून्य."

"मग याचं त्वरण?"

इथे ती थांबली. हा थांबा मोडायचा नाही, आणि मदत करणाऱ्याला हेच सगळ्यात जड जातं. अर्धं मिनिट गेलं तरी चालेल. तिच्याच कागदावर दोन गोष्टी समोरासमोर आल्या होत्या: लटकणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण शून्य, आणि त्याच दोरीने बांधलेल्या उतारावरच्या ठोकळ्याचं ०.७५. न ताणली जाणाऱ्या दोरीने बांधलेले दोन ठोकळे, एक चालतोय आणि एक जागेवर. "असं कसं होईल," ती स्वतःच म्हणाली. "दोरी लांब झाली तरच."

तिच्या बोटांत आता विसंगती आली होती, उत्तर अजून नव्हतं. पुढचा प्रश्न दोन टोकांचा होता. दोरी कापली तर ठोकळा ९.८ ने पडतो, तेव्हा ताण किती? शून्य. उतारावरचा ठोकळा खिळ्याने ठोकून टाकला तर? काहीच हलत नाही, ताण २९.४. आणि ठोकळा खाली चाललाय, पण मोकळा पडण्यापेक्षा सावकाश, तर? "मधलं काहीतरी. २९.४ पेक्षा कमी." किती कमी ते तिला माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी माहीत असायची गरजही नव्हती. आकडा येण्याआधी त्याची दिशा कळली, की आलेल्या आकड्याला तपासायला माणसाकडे काहीतरी असतं.

शब्दांनी पटत नसेल तर स्प्रिंगचा काटा वापरावा. १० न्यूटनपर्यंत मोजणारा, सरकत्या दर्शकाचा साधा स्प्रिंगकाटा घ्यायचा, त्याला अर्धा किलोचं वजन लावायचं. हात स्थिर असताना ४.९. हात झपकन खाली नेला की निघताना दर्शक वर उडी घेतो, आकडा कमी होतो. खाली पोचून हात थांबताना तोच दर्शक ४.९ च्या पलीकडे जातो. एकसारख्या वेगाने खाली नेलं तर मात्र तो ४.९ वरच राहतो. हे तिसरं निरीक्षण सहसा दाखवलं जात नाही, पण त्याच्याशिवाय मुलं "खाली जाताना ताण कमी" असा चुकीचा नियम उचलतात. वेगाने काही बदलत नाही, बदल त्वरणाने होतो. डिजिटल काटा या कामाला घेऊ नये. आकडा स्थिरावेपर्यंत तो थांबतो, आणि पाहायचं असतं ते नेमकं त्याआधीच घडून जातं.

दोन चौकोन, दोन समीकरणं

आता उतारावरच्या ठोकळ्याचा वेगळा चौकोन. दोरी, पृथ्वी, उतार. उताराचे दोन बाण, एक काटकोनात आणि एक पृष्ठभागालगत. धन दिशा प्रत्येक ठोकळ्यासाठी वेगळी ठरवू न देता दोरीच्या चालीने ठरवली: उतारावरच्यासाठी वरची, लटकणाऱ्यासाठी खालची. एकाला "वर धन" आणि दुसऱ्यालाही "वर धन" घेतलं तरी चालतं, फक्त मग एका त्वरणापुढे उणे चिन्ह लावायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि निम्म्या वह्यांत ते राहून जातं.

एक गोष्ट समीकरण लिहिण्याआधीच उरकावी लागते, आणि पुष्कळ सोडवलेल्या उदाहरणांत ती गाळलेली असते: ठोकळे मुळात हलणार का? लटकणारं वजन २९.४, उताराचा घटक १९.६, घर्षणाला अडवायचे आहेत ९.८ न्यूटन. स्थितिक घर्षण जास्तीत जास्त ०.२५ × ३३.९५ = ८.४९ देऊ शकतं. अपुरं पडतं, म्हणजे हलणार. ही ओळ तिच्या वहीत नव्हती. शिक्षिकेने ती फक्त लिहून घेतली, ताणली नाही. तिचा खरा उपयोग (आ) मध्ये होता.

समीकरणं तिने स्वतः मांडली:

२९.४ − ताण = ३ × त्वरण
ताण − १९.६ − ६.७९ = ४ × त्वरण

बेरीज केली की ताण जातो: ३.०१ = ७ × त्वरण, त्वरण ०.४३ मी./से.². मग ताण = २९.४ − ३ × ०.४३ = २८.१ न्यूटन. दुसऱ्या समीकरणात ताळा: २८.११ − २६.३९ = १.७२, आणि ४ × ०.४३ = १.७२.

इथे तिने फार चांगला प्रश्न विचारला. "मॅडम, २९.४ आणि २८.१ मध्ये फरकच किती आहे? मग उत्तर एवढं कसं चुकलं?" ताण जेमतेम साडेचार टक्क्यांनी चुकला होता, त्वरण मात्र पंचाहत्तर टक्क्यांनी. उतारावरच्या ठोकळ्याला वर ओढणारे २८ न्यूटन आणि खाली धरणारे २६ न्यूटन जवळजवळ बरोबरीत आहेत. ठोकळ्याला त्वरण मिळतं ते उरलेल्या १.७२ न्यूटनमुळे. ताणात १.२९ ची चूक झाली की १.७२ चे थेट ३.०१ होतात. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी जिथे असेल, तिथे "थोडासा फरक" नावाची गोष्ट नसते. हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून मुलं अधल्यामधल्या पायऱ्यांवर दोन अंक जास्त ठेवायला लागतात, सांगावं लागत नाही.

याच टप्प्यावर अनेक शिक्षक "पूर्ण प्रणाली एकच वस्तू समजा, एकूण बल भागिले एकूण वस्तुमान" हा जवळचा रस्ता दाखवतात. रस्ता बरोबर आहे, ३.०१ ÷ ७ थेट मिळतं. पण तो आधी दाखवला तर ताण म्हणजे काय हा प्रश्न वळसा घालून मागेच राहतो, आणि ताण विचारला की पुन्हा २९.४ येतं. ही अडचण या एकाच मुलीची नाही. कप्पीवरच्या दोन वजनांचं यंत्र जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ साली वर्णन केलं, त्वरण सावकाश आणि मोजता येण्याजोगं करण्यासाठी. त्याच यंत्रावर वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांच्या अडचणींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दोरीतला ताण ही त्यातली एक ठळक अडचण होती. तेव्हा जवळचा रस्ता दाखवावा, पण दोन चौकोन काढून झाल्यावर, ताळा म्हणून.

उणे त्वरणाचा सापळा

(आ) साठी ती आत्मविश्वासाने बसली. ३ च्या जागी २.५ घातलं: २४.५ − १९.६ − ६.७९ = −१.८९, भागिले ६.५; त्वरण −०.२९. खाली वाक्य लिहिलं: "उणे आहे, म्हणजे ठोकळा उलट दिशेने, उतारावरून खाली सरकेल."

या वाक्याची मोहिनी मोठी आहे, कारण घर्षण नसलेल्या प्रश्नांत ते खरं ठरतं. तिथे दिशा चुकीची धरली तर उणे चिन्ह आपोआप सुधारून देतं. घर्षण आलं की ते बंद होतं, कारण घर्षणाचा बाण आपण दिशा धरूनच काढलेला असतो.

"घर्षणाचा बाण कुठल्या बाजूला काढलास?"

"उताराच्या खाली. ठोकळा वर जातोय म्हणून."

"आणि तुझं उत्तर म्हणतंय ठोकळा कुठे जातोय?"

तिने बाणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे घर्षणच त्याला खाली ढकलतंय. असं नाही होऊ शकत."

मग दुसरी शक्यताही तिनेच तपासली: ठोकळा खाली सरकतोय असं धरू, घर्षण वरच्या दिशेला. खाली ओढणारे १९.६, वर ओढणारे २४.५ आणि वर ६.७९. पुन्हा उणे. वर जाईल म्हटलं तरी नाही, खाली जाईल म्हटलं तरी नाही. उरला एकच पर्याय: ठोकळा हलतच नाही. मघाची बाजूला ठेवलेली ओळ आता कामाला आली. घर्षणाला अडवायचे आहेत २४.५ − १९.६ = ४.९ न्यूटन, मर्यादा ८.४९. सहज अडवतं.

"मग घर्षण किती?"

"८.४९."

हे उत्तर जवळपास ठरलेलं असतं. घर्षणगुणांक गुणिले अभिलंब बल हे सूत्र डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की स्थितिक घर्षणाच्या बाबतीत ते फक्त कमाल मर्यादा सांगतं हे निसटतं. उपाय तोच, चौकोनाकडे परत जाणं. ८.४९ खाली आणि ४.९ वर असतील तर ठोकळा खाली सरकायला लागेल, म्हणजे पुन्हा घर्षणाने ढकललेला. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच असतं: इथे ४.९ न्यूटन, उताराच्या खालच्या दिशेने. आणि ताण २४.५ न्यूटन, लटकणाऱ्या वजनाएवढा. तिचं पहिलं वाक्य इथे, आणि इथेच, खरं निघालं, कारण त्वरण शून्य आहे.

या टप्प्यावर एक जोडप्रश्न द्यावासा वाटतो, आणि शिक्षिकेने तो दिला: लटकणारं वस्तुमान कुठल्या दोन आकड्यांच्या मधे असेल तर काहीच हलणार नाही? वरच्या टोकाला घर्षण खाली ८.४९, खालच्या टोकाला वर ८.४९. म्हणजे वजन ११.११ ते २८.०९ न्यूटन, वस्तुमान साधारण १.१३ ते २.८७ किलोग्रॅम. हा पट्टा एकदा डोळ्यांसमोर आला की "सोडल्यावर कुठे जाईल" हा प्रश्न सूत्राआधी विचारला जातो. त्यातही एक बारकावा आहे. १.९६ न्यूटनच्या वजनाला, म्हणजे फक्त २०० ग्रॅमला, ठोकळा नक्की खाली येणार हे तिने ताबडतोब सांगितलं, पण २ किलोला घर्षण शून्य असतं हे सांगायला तिला कागद लागला. १९.६ आणि १९.६, घर्षणाला कामच नाही. घर्षणगुणांक दिलेला आहे म्हणून घर्षण असलंच पाहिजे, हा समज तिथे सुटला.

मदतीशिवाय

शेवटचं उदाहरण तिने एकटीने सोडवायचं होतं: लटकणारा ठोकळा ०.५ किलोग्रॅमचा. अट एकच, आकडेमोडीआधी तीन गोष्टी शब्दांत लिहायच्या. तिने लिहिलं: "हलेल, कारण पट्ट्याच्या बाहेर आहे. मोठा ठोकळा खाली येईल, घर्षण वर. लहान ठोकळ्याला वर त्वरण आहे म्हणून ताण ४.९ पेक्षा जास्त."

मग समीकरणं. १९.६ − ६.७९ − ताण = ४ × त्वरण; ताण − ४.९ = ०.५ × त्वरण. त्वरण १.७६ मी./से.², ताण ५.७८ न्यूटन. भाकितात "जास्त" होतं, आकडाही जास्त आला.

आकृतीत मात्र एक चूक उरलेली होती. उतारावरच्या ठोकळ्यावर तिने चार बाणांशिवाय पाचवा काढला होता, उताराच्या खालच्या दिशेला, शेजारी "४ × त्वरण" लिहिलेला. समीकरणात तो दोनदा मोजला गेला नव्हता म्हणून उत्तर वाचलं. वर्तुळाकार गतीच्या धड्यात तोच बाण नडला असता. शिक्षिका काही बोलली नाही. विद्यार्थिनी प्रत्येक बाणाशेजारी नाव लिहीत गेली: पृथ्वी, दोरी, उतार, उतार. पाचव्यापाशी पेन थांबलं. "हे कोण लावतंय?" असं तिने स्वतःलाच हळू आवाजात विचारलं आणि खोडरबर उचललं.